सेकंदाला साठ, सेकंदाला दहा हजार

खरिपाचं धान निघालं की आधारभूत खरेदी केंद्रावर विकण्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. सातबारा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक घेऊन शेतकरी सेवा केंद्रात येतात आणि रांग लागते. सौंदड हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक-अर्जुनी तालुक्यातलं गाव. मुंबई-कोलकाता म्हणून ओळखला जाणारा महामार्ग, पूर्वीचा ६ क्रमांकाचा आणि आताचा ५३, इथून जातो. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी रेल्वेही इथे थांबते. अशा गावातल्या सेवा केंद्राच्या टेबलावर बहुधा सात-आठ वर्षं राबलेला लॅपटॉप असतो. बटण दाबलं की पडद्यावर ठिपके गोल फिरत राहतात. मग एकदाचा डेस्कटॉप दिसतो, पण क्लिक केलं तरी काही उघडत नाही. "लयच हँग होऊन रायला भाऊ," असं ऑपरेटर म्हणतो आणि रांगेतलं कोणी तरी सल्ला देतं: फॉरमॅट मारून घे, अँटिव्हायरस टाक, नाही तर हा विकून नवा आय-फाइव्ह घे.

सल्ला देणाऱ्याने दुखणं कुठे आहे ते पाहिलेलं नसतं. पाहणं तसं सोपं आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स भागात सीपीयू, मेमरी, डिस्क यांच्या नोंदी एकाखाली एक दिसतात. लॅपटॉप अडकून बसला असतानाच हे पाहायचं. जुन्या यंत्रात बहुतेक वेळा सीपीयू दहा-पंधरा टक्क्यांवर रेंगाळत असतो आणि डिस्क शंभर टक्क्यांना चिकटलेली असते. याचा अर्थ असा, की ज्या प्रोसेसरचं नाव पाहून लॅपटॉप घेतला तो बसून आहे. त्याला हवी असलेली माहिती डिस्ककडून येत नाही, म्हणून तो थांबला आहे. अशा लॅपटॉपला याहून तगडा प्रोसेसर दिला तर तोही तसाच बसून राहील.

आता ही डिस्क एवढी का रखडते ते पाहू. हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या एक-दोन गुळगुळीत चकत्या आणि त्यांच्यावरून काही नॅनोमीटर अंतर राखून फिरणारा, टोकाला वाचणारं हेड असलेला एक हात. लॅपटॉपमधली चकती साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती ज्या वर्तुळावर आहे तिथवर हात सरकायला साधारण १२ मिलिसेकंद जातात. हात पोचल्यावरही काम लगेच होत नाही, कारण नेमका तो तुकडा हेडखालून नुकताच पुढे निघून गेलेला असू शकतो. सौंदड स्टेशनावर गोंदियाची गाडी डोळ्यांदेखत सुटली तर पुढच्या गाडीपर्यंत बाकावर बसण्यावाचून इलाज नसतो. तसंच हेडला चकती फिरून तो तुकडा परत येईपर्यंत थांबावं लागतं. कधी थोडं, कधी पूर्ण फेराभर, सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. सगळं मिळून एक तुकडा हाती यायला सतरा-अठरा मिलिसेकंद लागतात. या हिशेबाने विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला साठच्या आसपास तुकडे वाचून होतात.

साठ हा आकडा वाईट वाटत नाही, पण विंडोज सुरू होताना काय चालतं ते लक्षात घ्यायला हवं. हजारो लहान लहान फायली, सेटिंगच्या नोंदी, ड्रायव्हर, फॉन्ट, अँटिव्हायरसच्या याद्या या सगळ्यांचे तुकडे डिस्कवर पसरलेले असतात आणि ते सगळे गोळा करायचे असतात. समजा दहा हजार तुकडे वाचायचे आहेत. सेकंदाला साठ या वेगाने १६७ सेकंद लागतील, म्हणजे पावणेतीन मिनिटं. तेवढ्यात अपडेट डाउनलोड होऊ लागलं, अँटिव्हायरसची तपासणी सुरू झाली आणि ऑपरेटरने घाईघाईने ब्राउझरवर चारदा क्लिक केलं, तर हात चकतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हेलपाटे मारत राहतो. चार वेळा क्लिक केल्याने काम लवकर होत नाही, उलट लांबतं, हे त्यामुळेच. एकच मोठी सलग फाइल, उदाहरणार्थ सिनेमा, हीच डिस्क सेकंदाला शंभरेक मेगाबाइट या बऱ्यापैकी वेगाने वाचते. तिची गोची होते ती विखुरलेल्या बारक्यासारक्या कामांत, आणि आपलं रोजचं काम नेमकं तसंच असतं.

चकती बनवणाऱ्यांना यात आळशी म्हणता येणार नाही. आयबीएमने १९५६ साली पहिली व्यापारी हार्ड डिस्क आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन सुमारे एक टन होतं आणि त्या धुडात साधारण ५० लाख अक्षरं मावत. एक नोंद शोधायला तिला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. आज लॅपटॉपच्या तळहाताएवढ्या डिस्कमध्ये एक टेराबाइट सहज मावतं. म्हणजे क्षमता दोन लाख पटींनी वाढली, आणि नोंद शोधण्याची चपळाई मात्र जेमतेम तीस-पस्तीस पटींनी. धातूचा हात किती वेगाने हलवायचा आणि चकती किती जोरात फिरवायची याला निसर्गाची मर्यादा आहे. प्रोसेसर त्याच काळात कुठल्या कुठे पोचले. संगणक वर्षानुवर्षं ताकदवान होत गेले तरी सुरू होताना वाट पाहायला लावणं सुटलं नाही, याचं कारण ही तफावत आहे. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लाखो लोक संगणक शिकले. 'संगणक चालू केला की थोडं थांबायचं असतं' हेही ते नकळत त्याच वर्गांत शिकले.

यातून सुटायचं तर हलणारे भाग काढून टाकणं एवढाच मार्ग होता. त्याची मुळं १९६७ सालात आहेत. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत दावॉन कांग आणि सायमन झी यांनी असा ट्रान्झिस्टर सुचवला, की ज्याच्या पोटात चारी बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेला एक कप्पा असेल. त्या कप्प्यात इलेक्ट्रॉन ढकलले की वीज गेली तरी ते तिथेच अडकून राहतात. कप्पा भरलेला आहे की रिकामा, यावरून शून्य किंवा एक वाचायचा. या कल्पनेला स्वस्त आणि दाट मांडणी दिली जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी. त्यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार. आज तुमच्या फोनमध्ये, पेनड्राइव्हमध्ये आणि लॅपटॉपच्या एसएसडीत, म्हणजे हलणारे भाग नसलेल्या डिस्कमध्ये, जी चिप आहे ती याच नँडची वंशज. कंपनीने आपल्या शोधाचा योग्य मोबदला दिला नाही म्हणून मासुओका पुढे कोर्टात गेले आणि २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. ज्या शोधावर अब्जावधी डॉलरचे उद्योग उभे राहिले त्यासाठी ही रक्कम मला तरी चिल्लर वाटते.

सनडिस्क या कंपनीने १९९१ मध्ये आयबीएमसाठी २० मेगाबाइटची एसएसडी बनवली, तिची किंमत हजार डॉलरच्या घरात होती. कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक, संजय मेहरोत्रा, मूळचे कानपूरचे. आज ते मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख आहेत, आणि त्याच मायक्रॉनने २०२३ मध्ये गुजरातेत साणंदला चिपची जुळणी आणि चाचणी करणारा कारखाना उभारण्याची घोषणा केली.

महाराष्ट्रातल्या एका लहानशा वस्तीत चकतीविना चालणारे लॅपटॉप शहरांत रुळण्याच्या आधी पोचले होते, हे फार थोड्यांना माहीत असेल. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैरात नावाची वस्ती आहे. तिथल्या एका खोलीच्या शाळेत २००७ साली 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. पहिली ते चौथीच्या मुलांच्या हातात हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. आत ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट रॅम आणि साठवणीसाठी फक्त एक गिगाबाइट फ्लॅश. हार्ड डिस्क नाही, पंखाही नाही. हे लॅपटॉप बनवणाऱ्यांनी फ्लॅश निवडली ती केवळ वेगासाठी नव्हे. मुलं यंत्र पाडणार, धूळ आत जाणार, वीज बेभरवशाची असणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. शहरातला नोकरदार त्या वर्षी १६० गिगाबाइटची हार्ड डिस्क मिरवत होता. पुढच्या वर्षी ॲपलने मॅकबुक एअर आणला तेव्हा ६४ गिगाबाइटच्या एसएसडीसाठी जवळजवळ हजार डॉलर वरून मोजावे लागत. त्या प्रकल्पाच्या शैक्षणिक फलिताबद्दल मतभेद आहेत आणि माझंही मत फार अनुकूल नाही. पण खेड्यात टिकणाऱ्या यंत्रात हलणारा भाग नको, हा त्यांचा निर्णय काळाच्या पुढे होता.

धूळ, उन्हाळा आणि प्रवास यांचा विचार सौंदडलाही करावा लागतो. साकोलीला किंवा गोंदियाला शिकायला जाणारा मुलगा लॅपटॉप पाठीला लावून मोटरसायकलवर किंवा एसटीत बसतो. बॅग बंद करताना लॅपटॉप पुरता झोपलेला नसेल आणि चकती फिरत असेल, तर एका खड्ड्यात हेड चकतीवर आपटू शकतं. नव्या डिस्क धक्का ओळखून हात बाजूला घेतात, तरी 'हार्ड डिस्क उडाली' हे वाक्य दुरुस्तीच्या दुकानात ऐकू येतंच. एसएसडीत आपटायला काही नाही. उष्णतेचा मात्र तिलाही त्रास होतो. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत, गादीवर ठेवलेला लॅपटॉप तापला की वेगवान एसएसडी स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. त्यावर उपाय एकच, लॅपटॉप कडक पृष्ठभागावर ठेवायचा आणि खालची जाळी मोकळी राहू द्यायची.

एसएसडीने वेग किती वाढतो याचं उत्तर दुकानदार ज्या आकड्याने देतो तो आकडा दिशाभूल करणारा असतो. खोक्यावर लिहिलेलं असतं : साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला ५५० मेगाबाइट, एनव्हीएमई या नव्या जोडणीची तिसऱ्या पिढीची ३,५००, चौथ्या पिढीची ७,०००. हे आकडे खरे आहेत, पण ते मोठ्या सलग फाइलचे. विखुरलेला एक लहान तुकडा आणायला एसएसडीला सुमारे ०.१ मिलिसेकंद लागतं. म्हणजे एकामागून एक मागितले तरी सेकंदाला दहा हजार तुकडे. हार्ड डिस्कला ज्यासाठी पावणेतीन मिनिटं लागली ते काम इथे एका सेकंदात उरकतं. या दीडशेपट उडीमुळे माणूस चकित होतो. साटावरून एनव्हीएमईवर गेलं की याच कामात वेग फार तर दुप्पट होतो, आणि एका सेकंदाचा अर्धा सेकंद झाला तर तो कोणाला जाणवणार? चौथ्या पिढीवरून पाचव्या पिढीवर जाण्यासाठी जास्तीचे पैसे मागणाऱ्या दुकानदाराला नोंदणीचा फॉर्म भरणाऱ्या किंवा प्रकल्प-अहवाल टाइप करणाऱ्या गिऱ्हाइकाने खुशाल नाही म्हणावं. लग्नाचे व्हिडिओ संकलित करणाऱ्या फोटोग्राफरची गोष्ट वेगळी.

एसएसडी टाकली म्हणजे सगळंच धावेल असंही नाही. पोर्टल उघडत नाही, 'सर्व्हर डाऊन' आहे, ओटीपी येत नाही, या दुखण्यांवर जगातली कुठलीही एसएसडी चालत नाही. बॅटरी दुप्पट टिकेल हा दावाही खोटा आहे. चकती फिरवायला लागणारी एक-दोन वॅट वाचते खरी, पण जास्त वीज पडदा आणि प्रोसेसर खातात. रॅम चारच गिगाबाइट असेल तर ब्राउझरची दहा पानं उघडल्यावर मेमरी अपुरी पडते आणि विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकू लागतं. हार्ड डिस्कवर तेव्हा यंत्र गोठल्यासारखं होतं, एसएसडीवर ओढत-ताणत चालतं. आठ गिगाबाइट असावीच, सोळा असेल तर पुढची पाच-सहा वर्षं डोकं शांत राहतं.

आज नवा लॅपटॉप घ्यायला गेलात तर हार्ड डिस्कवाला शोधूनही मिळणं कठीण. त्यामुळे एसएसडी आहे का, हा प्रश्न आता पुरेसा नाही. कोणती आहे, ते विचारायला हवं. सगळ्यात स्वस्त लॅपटॉपांत ईएमएमसी नावाची साठवण असते. तीही फ्लॅशच, पण फोन आणि टॅबसाठी घडवलेली, मदरबोर्डवर कायमची डकवलेली आणि बहुधा ६४ किंवा १२८ गिगाबाइटची. जिओबुकचं २०२३ चं मॉडेल ६४ गिगाबाइटचं होतं. त्याची किंमत १६,४९९ रुपये होती आणि तो हलक्या कामासाठीच बनलेला होता, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. पण ६४ गिगाबाइटवर पूर्ण विंडोज असलेला लॅपटॉप कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. विंडोज ११ ची किमान अटच ६४ गिगाबाइटची आहे. मोठं अपडेट आलं की जागा संपते, आणि डकवलेली चिप बदलता येत नाही. म्हणून खोक्यावर 'एनव्हीएमई' किंवा 'एम डॉट टू' लिहिलंय का ते पाहायचं. एम डॉट टू हा फक्त आकाराचा आणि खाचेचा प्रकार आहे, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब पट्टी. त्या आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही, म्हणून नंतर नुसतं 'एम डॉट टू द्या' म्हणून पट्टी आणली तर ती लॅपटॉपला न चालण्याची शक्यता आहे.

२५६ घ्यावी की ५१२, यावर माझं उत्तर ५१२. कारण एसएसडी गच्च भरली की मंदावते. फ्लॅशमध्ये लिहिणं आणि पुसणं एकाच मापाने होत नाही. लिहायचं ते लहान पानात, पुसायचं ते अनेक पानांचा गठ्ठा एकदम. एक पान बदलायचं तर गठ्ठ्यातली बाकीची पानं आधी दुसरीकडे हलवावी लागतात. मोकळी जागा असेल तर ही हलवाहलव सावकाश मागच्या मागे होते, नसेल तर तुमचं काम थांबवून होते. पाचवा हिस्सा तरी रिकामा ठेवावा, हा माझा नियम. ५१२ ची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसते आणि २५६ ची २३८. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी गिगाबाइट हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या, एवढाच तो फरक आहे.

त्याच चिपमध्ये जास्त माहिती कोंबण्यासाठी एका कप्प्यात एकापेक्षा अधिक बिट ठेवण्याची युक्ती निघाली. तीन बिट ठेवायचे तर विजेच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, त्याला टीएलसी म्हणतात. चार बिटांना सोळा पातळ्या लागतात, ती क्यूएलसी. पातळ्या जितक्या बारीक तितकं लिहिणं सावकाश आणि कप्प्याचं आयुष्य कमी. क्यूएलसीवाल्या स्वस्त एसएसडीवर पहिल्या काही गिगाबाइटपर्यंत कॉपी सुसाट होते, मग तात्पुरती राखीव जागा भरते आणि वेग कधी कधी हार्ड डिस्कच्या पातळीवर उतरतो. लग्नसराईत दोनशे गिगाबाइटचं चित्रीकरण एका बैठकीत उतरवणाऱ्याला हे कळेल, फॉर्म भरणाऱ्याला कधीच कळणार नाही.

'एसएसडी वापरली की झिजते' ही भीती लोकांच्या मनात खोल बसली आहे. झिजते हे खरं, पण हिशेब करून पाहा. ५०० गिगाबाइटच्या अनेक चांगल्या टीएलसी एसएसडींना कंपनी ३०० टेराबाइट लिखाणाची हमी देते. रोज वीस गिगाबाइट लिहिलं, आणि कार्यालयीन कामात एवढंही होत नाही, तरी वर्षाला सव्वासात टेराबाइट होतात. या दराने ती हमी संपायला चाळीस वर्षं लागतील. त्याआधी लॅपटॉपची बिजागरी तुटेल, कीबोर्ड जाईल आणि मालकाचं मनही त्यातून उडेल.

प्रोसेसरच्या नावाबद्दल दोन शब्द. आय-थ्री, आय-फाइव्ह हे नुसते दर्जे आहेत. पिढी कोणती ते त्यापुढच्या आकड्यावरून कळतं. दहा वर्षांपूर्वीच्या आय-फाइव्हपेक्षा अलीकडचा आय-थ्री बहुधा सरस असतो. वापरलेला लॅपटॉप घेताना हे विशेष पाहायचं, कारण नागपूरच्या सीताबर्डीसारख्या बाजारात कंपन्यांनी काढून टाकलेले मजबूत बांध्याचे लॅपटॉप मिळतात, आणि माझ्या मते विद्यार्थ्यासाठी ते नव्या कोऱ्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा चांगले. विकत घेण्यापूर्वी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवून एसएसडी किती तास चालली आहे आणि तिचं आरोग्य किती टक्के उरलंय ते पाहून घ्या. आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे सहसा चालत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, त्यामुळे ही अट आता महत्त्वाची झाली आहे. विद्यार्थी लिनक्सवर मजेत काम करू शकतो, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिथेही आहे. सेवा केंद्रवाल्याला मात्र ते जमणं अवघड, कारण अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर सहसा विंडोजच मागतं.

नवा लॅपटॉप घ्यायचा तर वॉरंटी 'ऑनसाइट' आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. आपल्या पिनकोडवर माणूस घरी येतो का, ते कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून विचारा. नाही तर लॅपटॉप घेऊन गोंदियाच्या किंवा नागपूरच्या फेऱ्या तुमच्या नशिबी येतील, आणि सौंदडच्या गिऱ्हाइकाला त्या परवडत नाहीत.

आता परत त्या सात-आठ वर्षांच्या लॅपटॉपकडे. प्रोसेसर ठीक, पडदा ठीक, डिस्क तेवढी शंभर टक्क्यांना चिकटलेली, असं असेल तर सगळ्यात शहाणा खर्च म्हणजे अडीच इंची साटा एसएसडी आणि जमलं तर रॅमची एक पट्टी. जुनी हार्ड डिस्क ज्या खोबणीत बसते तिथेच ही बसते. बहुतेक लॅपटॉपांत काही स्क्रू काढण्याइतकंच काम असतं. दुकानदार जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या एसएसडीवर उतरवून देऊ शकतो. पण वर्षानुवर्षांचा कचराही सोबत येतो, म्हणून मी विंडोज नव्याने टाकायला सांगेन. साठवणीचे भाव स्थिर नसतात. थायलंडमध्ये २०११ साली पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मागणी वाढवल्यामुळे रॅम आणि फ्लॅश दोन्ही महागल्या. तेव्हा गेल्या वर्षी भावाने किती दिले त्यावरून यंदाचा भाव ठरवू नका. आणि बाजारात पाचशे रुपयांत 'दोन टीबी'ची एसएसडी किंवा पेनड्राइव्ह दिसली तर हात लावू नका. त्यातली चिप लहान असते आणि तिला संगणकाशी खोटं बोलायला शिकवलेलं असतं. ठरावीक मर्यादेपलीकडे टाकलेल्या फायली यादीत दिसतात, उघडत नाहीत.

एसएसडीवर आल्यावर जुन्या दोन सवयी मात्र मोडाव्या लागतात. हार्ड डिस्क मरायच्या आधी बऱ्याचदा खडखडते, अडखळते, सावध करते. एसएसडी काल चालत होती आणि आज दिसतच नाही, असं होऊ शकतं. चुकून पुसलेले फोटो दुकानात नेऊन 'रिकव्हर' करून घेण्याचा मार्गही जवळपास बंद होतो, कारण पुसलेली जागा पुढच्या लिखाणासाठी मोकळी करण्याचा आदेश विंडोज एसएसडीला लगेच देतं आणि ती खरोखर रिकामी होते. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपांत माहिती आपोआप कुलूपबंद होते. त्याची किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप बिघडल्यावर ती सापडली नाही, तर एसएसडी काढून दुसरीकडे लावूनही काही वाचता येत नाही. लॅपटॉप ज्याच्या ईमेलवर सुरू केला तो ईमेल आणि त्याचा पासवर्ड घरात कुठे तरी लिहून ठेवलेला बरा. सेटअप करून देणाऱ्या दुकानदाराचा ईमेल तर अजिबात चालू द्यायचा नाही.

काढलेली हार्ड डिस्क फेकू नये. यूएसबीचं केसिंग घेऊन त्यात बसवली की ती बाहेरून जोडता येते. सावकाश असली तरी ठेव म्हणून ती एसएसडीपेक्षा जास्त भरवशाची आहे. फ्लॅशच्या कप्प्यातले इलेक्ट्रॉन वीज नसताना हळूहळू पाझरतात आणि उष्णतेत जास्त वेगाने. उद्योगाने ठरवलेल्या मानकानुसार पूर्ण झिजलेल्या एसएसडीने ३० अंश तापमानात, वीज न मिळता, एक वर्ष माहिती टिकवली तरी ती पास. नवी एसएसडी याहून बरीच जास्त टिकवते, पण पत्र्याखालच्या कपाटात उन्हाळे काढायला ती बनवलेली नाही. घरचे फोटो, सातबाऱ्याच्या आणि फेरफाराच्या स्कॅन प्रती, मुलांच्या गुणपत्रिका केसिंगमधल्या जुन्या डिस्कवर ठेवायच्या, वर्षातून एक-दोनदा ती जोडून चालते का पाहायचं, आणि त्याच फायलींची आणखी एक प्रत गूगल ड्राइव्हवर किंवा नागपूरच्या नातेवाइकाकडे. डिस्क सात-आठ वर्षांची आहे, तिच्या एकटीवर विसंबायचं नाही.